श्रावणी सोमवार आणि दुसरी पिशवी

कंपनीत रक्तदान शिबिर असलं की कुणीतरी मला हमखास विचारतं, "तुम्ही दर वेळी का देता?" बाकीच्यांची उत्तरं तयार असतात. कुणाला अर्ध्या दिवसाची सुट्टी हवी असते, कुणाला भेट मिळणारा डबा, कुणी पुण्य लागतं म्हणतं. मला धड उत्तर सुचत नाही आणि मग मी विचारणाऱ्यावरच खेकसतो. माझा गोंधळ एका श्रावणी सोमवारी सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

बायकोच्या गर्भाशयात गाठ होती. रक्त जायचं, पण तिनं कित्येक महिने ते अंगावर काढलं. त्या सोमवारी सकाळी बजाजनगरच्या घरात ओट्याशीच चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, आज दुपारीच ऑपरेशन, थांबता येणार नाही, रक्ताच्या दोन पिशव्या लागतील. खालच्या रक्तपेढीत सांगितलं, दोन पिशव्या नेताय तर दोन रक्तदाते आणा, गट कुठलाही चालेल. एक मी होतोच, माझं लगेच घेतलं. माझे दोस्त सगळे पहिल्या पाळीत, मोबाइल गेटवर जमा. उरला माझा मेहुणा.

मेहुणा वेरूळजवळच्या खेड्यात शेती करतो. दोन गोण्या एकदम उचलणारा गडी. बहिणीचं ऐकून तो लगेच निघाला आणि आला तेव्हा कपाळावर भस्म, पायात चप्पल नाही. मला हायसं वाटलं. रक्तपेढीतल्या बाईंनी त्याला विचारलं, "सकाळी काय खाल्लंय?"

"काय नाय. निर्जळी हाय आज."

बाई म्हणाल्या, उपाशी माणसाचं रक्त घेत नाही, चक्कर येते. पोटभर जेवा, पाणी प्या, मग तासाभरानं या.

तेव्हा कळलं ते असं. बहिणीची तब्येत ढासळतेय हे त्याला आधीपासूनच दिसत होतं. म्हणून त्यानं घृष्णेश्वराला शब्द दिला होता की श्रावणातले सगळे सोमवार निर्जळी करीन, सांज झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार नाही, पण अक्काला बरं कर. आता अक्कासाठी धरलेला उपासच अक्काच्या रक्ताच्या आड आला होता.

"दाजी, तुमीच सांगा काय करू," तो म्हणाला. "खाल्लं आन वर तिला काय झालं, तर? न्हाय खाल्लं आन झालं, तर?"

एरवी मी उपासतापासांवर तोंडसुख घेणारा माणूस. आषाढीला मुद्दाम आमलेट खाणारा. त्या क्षणी 'खा रे गपचूप' एवढं म्हणायचं होतं. पण जीभच रेटेना. समजा याच्या उपासावरच तिचा जीव टिकून असेल तर? असं माझ्या डोक्यात आलं याचा मला राग आला, आणि राग येऊनही ते जाईना. घड्याळ पुढे सरकत होतं आणि आम्ही दोघं दणकट बाप्ये जिन्याखाली खुळ्यासारखे उभे होतो.

शेवटी तिलाच विचारायला वर गेलो. ती पांढरीफटक पडली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि त्या अवस्थेतही कपाळाला हात लावला.

"उपास कुणासाठी हाय?"

"तुझ्यासाठी, अक्का."

"मंग ऐक. मला डॉक्टरनं सकाळधरनं पाणीबी दिलं नाय. मी हायच की निर्जळी. माझा उपास तुझ्या नावावर धर आन जा, जेव."

मेहुण्यानं माझ्याकडं पाहिलं. असं चालतं का, हे मला काय ठाऊक! मी मान हलवली. समोरच्या टपरीवर तो पोहे खात होता आणि रडत होता. मी त्याच्यापुढं पाण्याचा ग्लास धरून उभा होतो. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.

तासाभरानं त्यानं रक्त दिलं. कॉटवरून उठता उठता म्हणाला, "मॅडम, बिगीबिगी वर पाठवा, अक्का थांबलीय."

बाई म्हणाल्या, "तिच्यासाठी मघाशीच पाठवलं. तिच्या गटाचं कुणीतरी आधी दिलेलं होतं. तुमचं तपासून ठेवणार, ज्याला जुळेल त्याला जाईल."

त्याचा चेहरा पडला. खरं म्हणजे माझाही. माझी पिशवी थेट तिच्या अंगात गेली असणार, असंच मी धरून चाललो होतो. "म्हंजी देवाला दिलेला शब्द मी कुण्या दुसऱ्यासाठीच मोडला व्हय?" तो मला विचारत राहिला.

बायको वाचली. आज ती मला चहा कमी पी म्हणून दरडावते. तिच्या अंगात कुणाचं रक्त गेलं ते आम्हाला माहीत नाही. कुणाचे पाय धरावेत तेही कळत नाही. म्हणून असेल, शिबिर लागलं की मी बाही वर करून रांगेत उभा राहतो. हे कारण आहे की नुसती चुटपुट, मला सांगता येत नाही.

पुढच्या श्रावणात मेहुण्याबरोबर मी पहिल्यांदाच वेरूळला गेलो. त्यानं दोन अभिषेक सांगितले. पहिला अक्काच्या नावानं. दुसऱ्याला गुरुजींनी हातावर पाणी घालत विचारलं, "नाव? गोत्र?"

मेहुण्यानं तळहातावरचं पाणी सावरलं.

"नाव म्हाईत नाय, गुरुजी. बाई हाय का बाप्या, तेबी ठावं नाय. पण रक्त माझं हाय. माझंच गोत्र घाला."