माझं बोट आणि त्या बाईचा पाय

आज दुपारी चिक्कडपल्लीला धाकट्या बहिणीकडे गेले होते. तिची मुलगी श्रुती डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. महिनाभर आफ्रिकेतल्या एका दवाखान्यात सेवा करून ती नुकतीच परतली. तिने फोटो दाखवले. एका फोटोत ती एका बाईच्या पायाला टाके घालत होती.

"मावशी, माझे पहिले टाके!"

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तासाभराने विळीवर कैरी चिरताना माझं बोट खोल कापलं. रक्त थांबेना. मी हात पुढे केला. "घाल गं श्रुती टाके."

बहीण ओरडलीच. "काय बी काय, अक्का! अजून शिकायलीय ती. हात बसवायला तुझंच बोट घावलं का?"

श्रुतीही मागे सरली. "इथे मला परवानगी नाही, मावशी."

ऑटोतून दवाखान्यात जाताना मी तिला विचारलं, "तू अजून डॉक्टर नाहीस, हे त्या बाईला सांगितलं होतंस?"

"मला तिची भाषा येत नव्हती ना."

"नाव काय तिचं?"

तिने फोनमध्ये तो फोटो पुन्हा उघडून पाहिला; नाव कुठेच नव्हतं.

डॉक्टरांनी मला साखर आहे का विचारलं, काय करणार ते समजावलं, मी हो म्हटल्यावरच सुई उचलली. तीन टाके पडले.

तो फोटो बहिणीने दुपारीच आपल्या ग्रुपवर टाकलाय. पहिला बदाम माझाच होता. तो मी आत्ता काढला. तुम्ही बाकीचे मला एवढंच सांगा: माझ्या बोटाला डॉक्टर लागतो, मग त्या बाईच्या पायाला का लागत नाही?