बाविसावं डोकं

शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायचं-उतरवायचं, हे मावशीचं एकवीस वर्षांचं काम. डोकी मोजायची, बसच्या पत्र्यावर दोन थापा मारायच्या, की ड्रायव्हर बस हलवायचा. नवरा गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच उरल्या होत्या. सकाळच्या त्या कलकलाटावर तिचा अख्खा दिवस निघायचा.

मग वरच्या शहाण्यांच्या डोक्यात आलं, की सरकारी बस त्याच रस्त्याने जाते, तर शाळेने वेगळी बस पोसायची कशाला? मुलांच्या हाती पास आले. लहानांना सोबत लागते का, हे आठवडाभर पाहून मावशीनेच लिहून द्यायचं होतं. लागते म्हटलं तर काम राहणार, नाही म्हटलं तर घरी.

"मी 'नाही' कशाला लिहीन?" ती शेजारणीला म्हणाली.

चौथ्या दिवशी सरकारी बसच्या गर्दीत तिने आपल्या पोरांची डोकी मोजली. बावीसच्या बावीस भरली, आणि सवयीने हात पत्र्यावर गेला. थाप, थाप. ड्रायव्हरला वाटलं, कंडक्टरचाच इशारा. बस सुटली.

"बाई, बस तुम्ही चालवताय का आम्ही?" कंडक्टर उखडला.

मावशीचं तिकडे लक्षच नव्हतं. बाविसावं डोकं दुसऱ्याच शाळेचं निघालं होतं, गणवेश तेवढा सारखा. पहिलीतली चिंगी स्टॉपवर राहिली होती.

पुढच्या स्टॉपला उतरून मावशी उलटी धावत सुटली. गुडघे बोंबलत होते. पोर रडत असेल, या विचाराने ती थांबत नव्हती. आणि खरं सांगायचं तर, रडत असू दे, मला बघून बिलगू दे, असंही तिला वाटत होतं. त्याची तिला लाज वाटली, पण वाटत होतं.

तेवढ्यात समोरून मागची बस आली. खिडकीत चिंगी, हातात पास.

"मावशी, शाळा तिकडे नाही!" ती हसत ओरडली. बस निघून गेली. मावशी रस्त्याच्या कडेला दम खात एकटीच उभी राहिली. कुणी थांबून विचारलंही नाही.

शनिवारी कारकुनाने कागद पुढे सरकवला. मावशीने पेन उचललं आणि लिहिलं, 'सोबतीची गरज नाही.'

कारकुनाने वाचलं. "कुणाला, ते राहिलं की. असा अर्धवट कागद चालत नाही."

मावशीने कागद परत ओढला आणि त्या ओळीच्या आधी लिहिलं, 'मुलांना.'