थांबा हलवताना रेखाजींना कुणी विचारलं?

मंडळी, आज कामात लक्षच लागत नाहीये.

आमच्या ऑफिसातल्या रेखाजींना दिसत नाही. झालाना थांब्यावर बसमधून उतरलं की समोरच ऑफिसचं फाटक, म्हणून त्या रोज एकट्या येतात. आज मीही त्याच बसमध्ये होते. थांबा चौकापलीकडे हलवलाय, हे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं. त्या उतरल्या आणि फाटक समजून थेट रस्त्यात शिरल्या. ट्रकने करकचून ब्रेक मारला. मी धावत जाऊन त्यांना मागे ओढलं.

कंडक्टर म्हणाला, "मैडम, नोटिस तो लगा था."

"भैया, मैं पढ़ती कैसे?" रेखाजी म्हणाल्या. "एक बार पूछ तो लेते."

दुपारी त्यांनी भावाला फोन केला, "कल से छोड़ने आ जाना."

तुमच्याकडे असे बदल करण्याआधी कुणी विचारतं का हो?