प्रोबेशनवाली घरी आली तेव्हा

२०१६ सालची गोष्ट. मंगळवारी साडेतीनला प्रोबेशन ऑफिसर येणार, म्हणून उर्मिलाने सिंगापुरातल्या चोआ चू कांगचा आपला फ्लॅट असा घासला, जणू मुलगी बघायला पाहुणेच येताहेत. ऋग्वेदाच्या नाचाच्या ढाली शोकेसमध्ये पुढे आल्या.

ऋग्वेदा तिची लेक, एकोणीस वर्षांची, पॉलिटेक्निकला. गांजासकट पकडली गेली. कोर्टात गुन्हा कबूल केला, तेव्हा जज म्हणाले, शिक्षेआधी घरचा रिपोर्ट हवा. घरचे लक्ष ठेवतील असं दिसलं तर प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी घरीच देखरेखीखाली राहणं, आणि उपचार; नाहीतर आत. त्या ‘आत’पुढे उर्मिलाला काही दिसतच नव्हतं.

“एकच सांगायचं,” तिने नवऱ्याला बजावलं. “एकदाच झालं, मैत्रिणींमुळे. आम्हाला पत्ताच नव्हता.”

“नव्हताच की,” विनायक म्हणाला.

उर्मिला पुन्हा ढाली पुसू लागली.

आपल्या लोकांची ही खोडच. साध्या सर्दीला चार डॉक्टर गाठतील, आणि घरात नशा शिरली की पडदे ओढतील. तो पडदा पोरीच्याच गळ्याशी येतो, हे यांना कोण सांगणार?

ऑफिसर मिस लिम आल्या. चिवड्याला हात लावला नाही. ढालींकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, “तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?”

“पोलिसांचा फोन आला तेव्हा.”

पेन कागदावर चालू लागलं.

“आई, बस कर,” ऋग्वेदा सिंगापुरी हेलात म्हणाली. “मी त्यांना ऑफिसातच पाउचचं सांगितलंय लाह.”

वर्षापूर्वी उर्मिलाला लेकीच्या पाउचमध्ये गांजाची पुडी सापडली होती. तिने ती संडासात टाकून दोनदा फ्लश केलं, पोरीला दम भरला आणि विषय मिटवला.

“वर्षभर माहीत होतं मला,” ती कशीबशी म्हणाली.

“आणि मला?” विनायकने विचारलं.

“तू तिला पुण्याला धाडलं असतंस. मग लोकांना काय सांगायचं होतं?”

मिस लिमनी आधीची ओळ खोडली. “उद्या पुन्हा सापडली पुडी, तर काय कराल?”

फेकून देईन म्हटलं, तर पोरगी आत जाणार. कळवीन म्हटलं, तर आईनेच तिला धरून द्यायचं. ऋग्वेदा तिच्याकडेच बघत होती.

“तुम्हाला फोन करीन,” उर्मिला म्हणाली, आणि तिने लेकीचा हात धरला. ऋग्वेदाने तो धरू दिला, पण बोटं मिटली नाहीत.