दोघांना एकच बोलावणं

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चच्या मंडळीत प्रभुभोजन असे, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच पावाचा तुकडा घ्यायचा, आणि त्या दिवशीचा पाव एकोणीस वर्षं पाववाल्याच्याच भट्टीतून जाई. ते पीठ तो स्वतः मळी. बायकोलाही हात लावू देत नसे. उपासनेत पहिल्या बाकावरची कडेची जागा त्याची. चुकून कुणी पाहुणा तिथे टेकलाच, तर हा शेजारी नुसता उभा राही. पाहुणा आपसूक सरके.

त्याच्या धाकट्या भावाला एका टेम्पोवाल्यानं दारूच्या नशेत चिरडलं. भाऊ सायकलवरून पाव पोचवायला निघाला होता. टेम्पोवाल्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. सुटल्यावर तोच माणूस, केस पिकलेले, खांदे पडलेले, मंडळीच्या शेवटच्या बाकावर येऊन बसला. मंडळीचे पाळक त्याला तुरुंगात भेटत आले होते. त्यानं पश्चात्ताप केला, बाप्तिस्मा घेतला, आणि पाळकांनी त्याला प्रभूच्या मेजाशी बोलावलं.

पाववाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या हातचा पाव, आणि माझ्या भावाला मारणाऱ्याच्या तोंडात? त्यानं पाव देणं बंद केलं, उपासनेला जाणंही. म्हातारे पाळक दर आठवड्याला दम खात बेकरीच्या पायऱ्या चढून बोलवायला येत. कधी याची भट्टी तापलेली असे, कधी लग्नाची ऑर्डर, कधी गुडघा धरलेला. त्यांना बसायला स्टूलसुद्धा तो पुढे करत नसे. बायको मात्र उपासनेला जातच राहिली. त्या दिवशी तो तिच्याशी अवाक्षर बोलत नसे.

असं दीड वर्ष गेलं. मग प्रभुभोजनाच्या आदल्या एका शनिवारी टेम्पोवालाच बेकरीच्या फळीपाशी येऊन उभा राहिला. मान खालीच.

"उद्यापासून मी येणार नाही," तो म्हणाला. "माझ्यामुळे तुमचं जाणं तुटलं. तुम्ही जा."

पाववाल्यानं शटर ओढलं. पण आत त्याला गार वाटलं. शेवटी कुणाला तरी लाज वाटली म्हणायची! पहाटे उठून त्यानं झकास पाव भाजला, इस्त्रीचा कोट चढवला, बायकोला घेऊन आपल्या जागेवर जाऊन बसला.

पाळकांनी पाव उचलला, शेवटच्या बाकाकडे पाहिलं आणि थांबले. तो आज का आला नाही, त्यांनी विचारलं. पाववालाच उठला आणि म्हणाला की तो आपणहून गेला, बरंच झालं.

पाळकांनी पाव खाली ठेवला. "हे मेज माझं नाही, तुमचंही नाही. ज्याचं आहे, त्यानं दोघांना बोलावलंय."

"म्हणजे तो आत आणि मी बाहेर?"

"तुम्हाला बाहेर कुणी काढलं?"

त्यानं पाठिंब्यासाठी मागे पाहिलं. लोक चुळबुळले, पण कुणी मान हलवली नाही. तेवढ्यात बायको उठली. चला, एक तरी आपल्या बाजूची, असं त्याला वाटलं.

"मी त्याला घेऊन येते," ती म्हणाली. "तुम्ही बसा. खरंच बसा."

सगळी मंडळी थांबून राहिली. तोही दहा-पंधरा मिनिटं मुठी आवळून बसला होता. मग खिडकीतून ती दोघं फाटकात शिरताना दिसली. ती पुढे, तो बिचकत मागे. पाववाला उठला आणि बाजूच्या दारानं बाहेर पडला.

दुपारी बायको आली तेव्हा तो ओट्याशी उभा राहून एकट्यानंच भांडत होता. सगळे आंधळे झालेत, तो म्हणाला. न्याय कशाशी खातात हे एकालाही ठाऊक नाही. तिनं ऐकून घेतलं, ताट वाढलं. तो जेवला नाही.

त्यानंतर तो अकरा वर्षं जगला. म्हातारे पाळक थकले, नवे आले, तेही पायऱ्या चढून बोलवायला येत. आणि मंडळीनं आपल्याला हाकलून दिलं, असं तो गिऱ्हाइकांना शेवटपर्यंत सांगत राहिला. अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी आणून.