दस्त्यावरची हळद

बंदूक कुठल्या रंगाची असावी, यावरून आमच्या घरात वाद व्हायचे. बंदूक म्हणजे लेकीची एअर रायफल, आणि तीही खरं तर तिची नव्हे, नेमबाजीच्या क्लबाची. पण मतं मात्र सगळ्यांची होती. नवऱ्याला तिचं लाकूड शिसवीसारखं काळपट आणि तोंड दिसेल इतकं चकचकीत हवं होतं. मला पोपटी, नाहीतर भगभगीत केशरी, म्हणजे लांबून पाहणाऱ्या पोलिसालाही कळावं की हे खेळाचं सामान आहे. आणि लेकीला यातलं काहीच नको. तिला पॉलिश न केलेलं, फिकट, कोरडं लाकूड आवडायचं. चकाकी असली की दिव्यांची तिरीप डोळ्यात येते आणि घाम आला की गाल सरकतो, असं तिचं म्हणणं. "इट शुड फील लाइक नथिंग, आई," ती म्हणायची. ज्यावर गाल टेकायचा ते 'नथिंग' कसं वाटेल, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही.

तिला हवा तसा लाकडी दस्ता, म्हणजे खांद्याला आणि गालाला टेकतो तो भाग, क्लबात एकच होता, आणि तो तिच्या कोचचा स्वतःचा होता. कोच इथलीच, कतारी बाई, एके काळची नेमबाज, बोलायला कडक. क्लबाचे बाकी सगळे दस्ते काळे होते. मळ दिसत नाही म्हणून नवशिक्या मुलींना काळेच बरे, असं तिचं मत. स्वतःचा मात्र तिने फिकट मॅपलचा ठेवला होता, हाताने घासून गुळगुळीत केलेला, वर तेलाचं नुसतं बोट फिरवलेला. संघाची निवड चाचणी आली तेव्हा तिने तो लेकीला दिला. नळी आणि बाकीचं यंत्र क्लबाच्या कुलपात. घरी फक्त लाकूड, गालाला सवय व्हावी म्हणून. "चाचणी यावरच दे. पण जसा नेतेस तसाच परत आण," एवढंच ती इंग्रजीत म्हणाली.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या तयारीचे दिवस होते. अल गराफाच्या आमच्या घराबाहेर पडलं की रोज नवा वळसा, नवे अडथळे, आणि चौकाचौकात गाड्या थांबवणारे पोलीस. टॉवेलात गुंडाळलेला तो दस्ता डिकीत ठेवून मी घरी आणला, तेव्हा वाटेत प्रत्येक अडथळ्यापाशी वाटत होतं, आता डिकी उघडायला लावतील. घरात आल्यावर हुश्श केलं. खरा घोळ घरातच व्हायचा होता.

चाचणीच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. नवरा दुखानला तेलाच्या कंपनीत, सुट्टीला घरी आलेला. नाशिकच्या घरची ही पूजा त्याने इथेही कधी चुकवली नाही. मी वाणसामान घेऊन परतले तर हॉलमध्ये पाट मांडलेला, त्यावर ड्रिल मशीन, पाने-पक्कड, गाडीची किल्ली, माझी विळी. आणि मधोमध तो दस्ता. गाल टेकतो नेमक्या त्या जागी ओल्या हळदीची आणि कुंकवाची बोटं ओढलेली.

"अरे, हे काय करून ठेवलंस?"

"खंडेनवमी आहे. शस्त्राची पूजा नको करायला?"

"ते शस्त्र आपलं आहे का?"

"पोरीच्या हातात आहे ना? मग आपलंच."

मी ओलं फडकं घेऊन धावले. वरचं पुसलं गेलं, पण कोऱ्या लाकडाने हळद पिऊन टाकली होती. घाईघाईत कपड्यांचा साबण चोळला तर पिवळा डाग लालभडक झाला. लिंबू चोळलं, पुन्हा पिवळा. नवऱ्याने पॉलिशपेपर आणला, तसा लेकीने दस्ता त्याच्या हातातून हिसकावून घेतला. तिथलं लाकूड जरा जरी घासलं गेलं तर गालाची बैठक बदलते, हे तिने रडत रडत सांगितलं. "शी विल टेक इट बॅक," ती म्हणत राहिली. दस्ता गेला की उद्या काळ्या दस्त्यावर चाचणी, आणि त्यावर तिचा नेम लागत नव्हता.

मला त्याहून भलतीच भीती. दुसऱ्याच्या वस्तूवर आपल्या देवाधर्माची खूण, तीही परक्या मुलखात. बाई काय समजेल? तक्रार केली तर? मी नवऱ्याला नाही नाही ते बोलले. अक्कल गहाण ठेवलीस का, इथपर्यंत गेले. तो पाने पुसत होता.

सकाळी तिघंही गेलो. दसऱ्याचा दिवस होता. कोचने टॉवेल उलगडला आणि डागावर अंगठा फिरवला.

"हे काय आहे?"

लेक काही बोलायच्या आत नवरा पुढे झाला. "भाजी सांडली, मॅडम. जेवताना. चूक माझी आहे, तिची नाही."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. उपास कधी न मोडणारा हा माणूस, मान खाली घालून पूजेच्या हळदीला भाजी म्हणत होता.

"नो," लेक म्हणाली. हे बाबांनी पूजेत लावलंय, काल हत्यारांना नमस्कार करायचा आमचा दिवस होता, असं तिने इंग्रजीत सगळं सांगून टाकलं.

कोचने नवऱ्याकडे पाहिलं. "ती जिंकावी म्हणून केली पूजा?"

"नाही. वर्षभर हत्यारं आपल्यासाठी राबतात, म्हणून."

"मग मला भाजी का सांगितलीत?"

उत्तराची वाट न पाहता कोच दस्ता लेकीच्या हातात देऊन म्हणाली, "खलास, झालं ते झालं. पुढच्या वेळी आधी मला विचारा. यल्ला, चल, तुझी वेळ झाली."

चाचणी संपली तेव्हा कोचने लेकीला निवडलेल्या मुलींच्या बाजूला उभं केलं. ते पाहायला नवरा आत नव्हता. तो केव्हाच गाडीत जाऊन बसला होता. आम्ही आलो, मी बातमी सांगितली, त्याने "छान" म्हटलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला.

"भाजी म्हणालो गं मी," तो शेवटी म्हणाला.

मागच्या सीटवरून लेक पुढे वाकली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, डोन्ट एव्हर डू दॅट फॉर मी."

त्याने मान हलवली आणि गाडी सुरू केली. मला मात्र काल त्याला बोललेलं सगळं आठवून रडू आवरेना.