गेरू मारलेला गुलमोहर

"झाड ठणठणीत हाय!" असं म्हणत तो काठीनं बुंध्यावर टकटक करायचा आणि डॉक्टरचा आव आणून मान हलवायचा. याला झाडातलं ओ की ठो कळत नाही, असं मी समजत होतो.

दौंडमध्ये आमच्या कारखान्याच्या कॉलनीत तो माळ्यांचा मुकादम होता. हाताला माती लागू न देणारे असले मुकादम तुम्हीही पाहिले असतील. गेटजवळच्या गुलमोहराखाली माझ्या आईचा चहाचा गाडा होता, आणि शेजारी चाचांचं सायकल पंक्चरचं दुकान. हा आईकडं दिवसातून चारदा फुकटचा चहा ढोसायचा.

दर पावसाळ्यात बुंध्याशी कुत्र्याच्या छत्र्या उगवायच्या, मधाच्या रंगाचे दाट झुबके. वर खोडावर भाकरीएवढ्या टणक अळंब्या. साहेबांची फेरी असली की हा पठ्ठ्या छत्र्या लाथेनं उडवायचा, अळंब्या खुरप्यानं खरवडायचा आणि वरून गेरू-चुन्याचा पट्टा मारायचा. झालं झाड बरं!

"मामा, झाड आतून कुजलंय म्हणून हे उगवतंय. तोडायचा अर्ज द्या," मी म्हणायचो.

"तुला लई कळतंय! अर्ज दिला तर साहेब इचारणार, इतकी वर्सं काय केलं?"

एका श्रावणात तो आईवर खेकसला, "मावशी, गाडा भिंतीकडं घ्या. साहेबाची गाडी वळत न्हाई." आईनं निमूट गाडा हलवला. मी दिवसभर त्याला शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी, वाऱ्याची झुळूकही नसताना, गुलमोहर आडवा झाला. बुंधा आतून नुसता भुसा. चाचा खाली सापडले. जीव वाचला, उजवा हात गेला.

"देवमाणूस रे, त्यानंच वाचवलं मला," आई म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं!

दुसऱ्या दिवशी तो चहाला आला, तेव्हा मी विचारलं, "मामा, चाचांना का नाही हलवलं?"

"मावशीचा चहा पितो रं मी..." एवढंच बोलला. माझ्याकडं बघवेना त्याला. इतका भेकड माणूस मी दुसरा पाहिला नाही. भरला ग्लास गाड्यावर ठेवून गेला, तो पुन्हा चहाला आला नाही. वर्षभरात निवृत्त होऊन गावी गेला.

चाचा डाव्या हातानं पंप मारायला शिकले. मुकादमाचा विषय निघाला की आई अजून हात जोडते. चाचा समोर असले की मात्र ती गप्प बसते.